यादी, फोन आणि सतरा-सी: निवडणूक सायबर धोक्यांपासून जपायची कशी

मतदानाच्या आदल्या रात्री साडेनऊच्या सुमाराला आमच्या प्रचाराच्या समन्वयकाचं व्हॉट्सअॅप बंद पडलं. नगरपरिषदेची निवडणूक होती. दिवसभर स्लिपा वाटून पोरं दमली होती. संध्याकाळी त्याला एक फोन आला होता: "कार्यालयातून बोलतोय दादा, उद्याच्या बूथच्या ग्रुपमध्ये घेतोय तुम्हाला, आत्ता सहा आकडी कोड आला असेल तो सांगा." एका हातात चहा, दुसऱ्या हातात स्लिपांचा गठ्ठा. त्यानं कोड सांगून टाकला. तासाभरात त्याच्या नावानं नातेवाइकांना पैसे मागणारे मेसेज जायला लागले. आणि ज्या ग्रुपवरून सगळ्या बूथ प्रतिनिधींना सकाळच्या सूचना जायच्या होत्या, त्याचा एकमेव अॅडमिन तोच होता.

चोराला आमच्या निवडणुकीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला पैसे हवे होते. तरी आमची मतदानाची सकाळ त्यानं जवळजवळ बुडवलीच होती. आमच्यातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यानं सगळ्या प्रतिनिधींची नावं आणि नंबर एका दोनशेपानी वहीत लिहून ठेवले होते. ती वही पुढ्यात घेऊन आम्ही रात्री दोनपर्यंत एकेकाला फोन लावत होतो.

निवडणुकीची सायबर सुरक्षा म्हटलं की सगळे मतदान यंत्रावर बोलतात. माझा अनुभव असा की, यंत्रापर्यंत पोचायच्या आधीच घात होतो. तो मतदार यादीत होतो, कार्यकर्त्याच्या फोनमध्ये होतो, शेवटच्या दोन रात्री फिरणाऱ्या क्लिपमध्ये होतो. आणि बहुतेक ठिकाणी त्यावरचा उपाय साध्या कागदात असतो: यादीत, वहीत, किंवा नमुना १७-सी या केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाच्या कागदात. उमेदवार, त्यांचे कार्यकर्ते आणि जागरूक मतदार यांनी काय करावं, ते कामाच्या क्रमानं सांगतो.

पहिलं काम: यादी, आणि तेही आचारसंहितेच्या आधी

कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद मतदारसंघात २०२३ च्या विधानसभा निवडणुकीआधी नावं वगळण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. चौकशीत त्यातले फक्त २४ खरे निघाले. हे उघडकीला आलं ते एका बीएलओमुळे, म्हणजे बूथची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यामुळे. तिला आपल्याच नात्यातल्या माणसाचं नाव वगळण्याचा अर्ज दिसला, अर्जदार म्हणून शेजाऱ्याचं नाव होतं, आणि शेजाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुन्हा दाखल झाला. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात २०२४ च्या विधानसभेआधी उलट प्रकार झाला. तिथे नवी नावं घालण्यासाठी ऑनलाइन अर्जांचा पूर आला, साडेसहा हजारांहून जास्त अर्ज पडताळणीत नामंजूर झाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पोलिसांत गुन्हा नोंदला गेला.

दोन्हीकडे कोणी सर्व्हर फोडला नव्हता. समोरच्या दारानं, अर्ज भरून, दुसऱ्याच्या नावानं आत शिरण्याचा प्रयत्न झाला. म्हणून हे दार ओळखून घ्या. नमुना ६ नवीन नावासाठी, नमुना ७ नाव वगळण्यासाठी किंवा हरकतीसाठी, नमुना ८ दुरुस्ती आणि स्थलांतरासाठी. आलेल्या अर्जांच्या याद्या मतदार नोंदणी अधिकारी प्रसिद्ध करतात: नमुना ६ च्या अर्जांची यादी नमुना ९ मध्ये, नमुना ७ ची नमुना १० मध्ये, नमुना ८ ची नमुना ११ मध्ये. कार्यकर्त्यांना सहसा फक्त अंतिम यादी माहीत असते. खरी पाळत नमुना १० वर ठेवायची.

एका माणसाला हेच काम द्या. दर आठवड्याला त्यानं आपल्या भागातली नमुना १० ची यादी घ्यायची आणि तीन गोष्टी बघायच्या. एकाच माणसाच्या नावानं अनेक हरकती आहेत का? अर्जदार ज्याच्याविरुद्ध हरकत घेतोय त्याच यादी भागात राहतो का? आणि ज्यांची नावं वगळायची म्हणतात, ती माणसं घरी आहेत का? तिसरी गोष्ट कळायला संगणक लागत नाही, गल्लीत जावं लागतं. मतदाराला नोटीस न देता, म्हणणं न ऐकता हरकतीवर नाव काढता येत नाही. तेव्हा माणूस घरी असेल तर त्याला सोबत घेऊन नोंदणी अधिकाऱ्याकडे लेखी म्हणणं द्या आणि पोचपावती घ्या. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम ३१ खाली यादीबाबत खोटं निवेदन करणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अर्जात हे कलम लिहा.

सप्टेंबर २०२५ पासून ऑनलाइन अर्जांना आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीची ई-स्वाक्षरी लागते. बदल चांगला आहे, पण त्यामुळे मतदाराच्या ओटीपीची किंमत वाढली. घरोघरी हे सांगा: तुम्ही स्वतः अर्ज भरत नसताना ओटीपी आला, तर कोणीतरी तुमच्या नावानं काहीतरी करतंय. तो कोणालाही सांगायचा नाही, बीएलओ म्हणवणाऱ्यालाही नाही. बेंगळुरूत नोव्हेंबर २०२२ मध्ये एका खासगी संस्थेची माणसं बीएलओची ओळखपत्रं घालून घरोघर मतदारांची माहिती गोळा करत असल्याचं उघड झालं होतं. ओळखपत्र दाखवलं म्हणजे माणूस खरा ठरत नाही. आपल्या भागाचा बीएलओ कोण, हे १९५० या हेल्पलाइनवर विचारता येतं.

स्थानिक निवडणुकीत आणखी एक पेच असतो. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपरिषद, महापालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेचीच असते. ठरवलेल्या तारखेची यादी घेऊन ती प्रभागनिहाय फोडतात. त्या तारखेनंतर विधानसभेच्या यादीत केलेली दुरुस्ती इथे उपयोगी पडत नाही. प्रारूप प्रभाग यादी आली की हरकतीचे दिवस मोजकेच असतात, आणि संबंध गल्ली शेजारच्या प्रभागात गेलेली त्याच दिवसांत सापडली तर सापडते.

फोन आणि खाती

मार्च २०१६ मध्ये अमेरिकेत हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांना गूगलच्या नावानं ईमेल आला: तुमचा पासवर्ड कोणीतरी वापरलाय, ताबडतोब बदला. सहायकांना शंका आली, त्यांनी तो संगणक विभागाला दाखवला. तिथल्या माणसाला लिहायचं होतं की हा ईमेल खोटा आहे, लिहिताना शब्द चुकला आणि उत्तर गेलं की ईमेल खरा आहे. त्यानं पासवर्ड बदलण्याची गूगलची खरी लिंकही दिली होती, पण दाबली गेली ती खोट्या ईमेलमधली. हजारो ईमेल चोरीला गेले आणि ऑक्टोबरपासून निवडणुकीपर्यंत रोज थोडे थोडे बाहेर येत राहिले. शंका घेणारी माणसं होती, विचारायची पद्धत होती, तरी हे घडलं. कारण घाईच्या दिवसात माणूस चुकणारच. म्हणून एका माणसाची चूक खपवून घेईल अशी व्यवस्था लावायची.

व्हॉट्सअॅपपासून सुरुवात करा, आपला निम्मा प्रचार तिथेच चालतो. सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून सहा आकडी पिन ठेवा. हा पिन असता तर आमच्या समन्वयकानं कोड सांगूनही चोराला आत येता आलं नसतं. दर रविवारी लिंक्ड डिव्हायसेस उघडून बघा. प्रचार कार्यालयातल्या संगणकावर कोणाचं तरी व्हॉट्सअॅप उघडंच राहिलेलं हमखास सापडतं. प्रत्येक महत्त्वाच्या ग्रुपला किमान तीन अॅडमिन ठेवा आणि ते एकाच गाडीत फिरणारे नसावेत. सूचनांच्या ग्रुपवर फक्त अॅडमिनना लिहिता यावं, नवा सदस्य अॅडमिनच्या मंजुरीनंच यावा.

खातं गेलंच तर आपल्या फोनवर व्हॉट्सअॅप पुन्हा टाकून आपल्याच नंबरनं नोंदणी करा, की चोर बाहेर पडतो. मात्र चोरानं आत शिरून स्वतःचा पिन लावला असेल, तर तो माहीत नसताना खातं परत मिळायला सात दिवस लागतात. मतदान दुसऱ्या दिवशी असेल तर या सात दिवसांचा अर्थ काय होतो, ते आम्ही भोगलंय.

फोनला अचानक रेंज नाहीशी झाली आणि शेजारच्याला त्याच कंपनीची रेंज असली, तर ते साधं समजू नका. तुमच्या नावानं दुसरं सिम निघालेलं असू शकतं. दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला कळवून नंबर बंद करा. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत, ते केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. कोणी फोनवरून एखादा स्टार-हॅशचा नंबर डायल करायला सांगितला तर करू नका, त्यानं तुमचे कॉल दुसरीकडे वळतात. चुकून केलाच, तर ##००२# डायल करून सगळं फॉरवर्डिंग रद्द करा.

फेसबुक पेज, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांचे पासवर्ड कार्यालयाच्या भिंतीवर किंवा ग्रुपमध्ये नकोत. पेज चालवणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या खात्यातून अधिकार द्या, म्हणजे तो सोडून गेला की त्याचा अधिकार काढता येतो. मागच्या निवडणुकीतल्या एजन्सीचा पोरगा अजून अॅडमिन आहे का, हे आजच बघा. दुहेरी पडताळणीसाठी एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर अॅप (फोनवरच कोड देणारं) किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या कुलपानं खातं उघडणारी) बरी. बॅकअप कोड कागदावर लिहून उमेदवाराच्या घरी कपाटात ठेवा. गूगलची अॅडव्हान्स्ड प्रोटेक्शन ही सोय फुकट आहे आणि ती उमेदवारांसारख्या लोकांसाठीच केलेली आहे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शशी थरूर, महुआ मोईत्रा, प्रियांका चतुर्वेदी अशा अनेक नेत्यांना अॅपलकडून इशारा आला होता की, सरकारपुरस्कृत हल्लेखोर त्यांच्या फोनला लक्ष्य करत असू शकतात. असा इशारा आला तर आयफोनमधला लॉकडाउन मोड सुरू करा, फोन अद्ययावत करा आणि जाणकाराला दाखवेपर्यंत त्यावर काही महत्त्वाचं बोलू नका.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला नमुना २६ च्या शपथपत्रात दूरध्वनी क्रमांक, ईमेल आणि समाजमाध्यमांवरची खाती लिहून द्यावी लागतात, आणि शपथपत्र सगळ्या जगाला दिसतं. म्हणजे हल्लेखोराला पहिला धागा आपणच देतो. माहिती खरीच द्यायची. पण अर्ज भरण्याच्या महिनाभर आधी जाहीर कामासाठी वेगळा नंबर आणि वेगळा ईमेल सुरू करा, तोच वापरात ठेवा आणि तोच लिहा. ज्या नंबरवर बँकेचे ओटीपी येतात आणि ज्यावर पेजची खाती उभी आहेत, तो नंबर घरच्यांपुरता राहू द्या.

मतदारांची माहिती आपल्याकडेही चोरीला जाते

आपल्या कार्यालयातली यादी आयोगाच्या यादीपेक्षा जास्त बोलकी असते. नावापुढे मोबाइल नंबर, कोण आपला, कोण काठावर, कोणाच्या घरी आजारपण, कोण पुण्या-मुंबईला असतो. हे सगळं एका गूगल शीटमध्ये असतं आणि ती शीट लिंक असलेल्या कोणालाही उघडता येते. आमच्याकडेही असंच होतं. ती लिंक तीन वेगळ्या ग्रुपमध्ये पडलेली होती. त्यातल्या एकात विरुद्ध बाजूचे दोघे होते आणि ते वर्षभर तिथेच होते.

शीटचा अधिकार नावानिशी ईमेलला द्या. बूथच्या माणसाला त्याच्या बूथपुरतीच यादी द्या, अख्खा प्रभाग नको. कोणी व्हॉट्सअॅपवर 'मतदार यादी अॅप' म्हणून एपीके फाइल (थेट फोनवर चढवायचं अॅप) पाठवली तर ती टाकू नका, कितीही ओळखीच्याकडून आली असली तरी. लग्नाची पत्रिका आणि गाडीचं चलन यांच्या नावानं अशाच फाइली पाठवून लोकांची बँक खाती रिकामी केली गेली आहेत. एजन्सीचं अॅप घ्यायचंच असेल तर करारात एक ओळ घाला: निकालानंतर माहिती पुसून लेखी कळवायचं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण लोकांनी आपल्याला विश्वासानं नंबर दिलेत, हे कारण मला कायद्यापेक्षा मोठं वाटतं.

शेवटचे ४८ तास

लोकसभा-विधानसभेत मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो. नेमक्या याच वेळात खोट्या क्लिपा सोडतात, कारण उत्तर द्यायला ना सभा उरते ना वेळ. स्लोव्हाकियात सप्टेंबर २०२३ मध्ये मतदानाच्या दोन दिवस आधी प्रोग्रेसिव्ह स्लोव्हाकिया पक्षाचे नेते मिखाल शिमेच्का यांचा बनावट आवाज फिरवला गेला. त्यात ते निवडणुकीत गडबड करण्याविषयी बोलताना ऐकू येत होते. महाराष्ट्रात १९ नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेचं मतदान दुसऱ्या दिवसावर आलेलं असताना, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या म्हणून बिटकॉइनविषयीच्या ध्वनिफिती पसरल्या. दोघांनी आवाज आपला नसल्याचं सांगितलं आणि सुळे यांनी निवडणूक आयोग व सायबर पोलिसांकडे तक्रार केली. तथ्य तपासणाऱ्यांना त्या आवाजांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या खुणा आढळल्या, पण तोवर मतदान सुरू झालं होतं.

नगरसेवकाच्या निवडणुकीत कोण कशाला बनावट आवाज काढेल, असं म्हणू नका. आता त्याला काही मिनिटांचं भाषण आणि एक फोन पुरतो, आणि भाषणं तर आपणच फेसबुकवर टाकलेली असतात.

तयारी आधीच करायची. आपलं अधिकृत चॅनल कोणतं, ते प्रचाराच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक पत्रकावर छापा: "आमची प्रत्येक घोषणा इथेच होईल." लोकांना सवय लागली की ऐनवेळी ते तिथे येऊन बघतात. उमेदवाराच्या प्रत्येक सभेचं पूर्ण चित्रीकरण तारखेनिशी ठेवा, कापलेली क्लिप आली तर मूळ दाखवता येतं. उमेदवार आणि चार प्रमुख माणसांत एक खुणेचा शब्द ठरवा, घरातला, कुठे लिहिलेला नसलेला. "साहेबांचा फोन आला, बूथ सोडून या म्हणाले," असं कोणी म्हटलं तर आधी तो शब्द विचारायचा.

क्लिप आलीच, तर पहिली दहा मिनिटं राग आवरा आणि ती पुढे पाठवू नका. "हे बघा काय खोटं पसरवतात," म्हणून आपलीच पोरं ती दुप्पट लोकांपर्यंत पोचवतात. पाठवायचंच असेल तर चित्रावर तिरका मोठा 'बनावट' शिक्का मारलेला स्क्रीनशॉट पाठवा. मूळ फाइल, कोणत्या नंबरवरून आली, कोणत्या ग्रुपवर, किती वाजता, हे सगळं जसंच्या तसं जपा, चॅट पुसू नका. मग उमेदवारानं स्वतः, साध्या प्रकाशात, त्या दिवशीचं वर्तमानपत्र हातात धरून मिनिटभराचा खुलासा करावा. खुलाशात मत मागू नका, ते बंदीच्या काळात येतं.

निवडणूक आयोगाच्या मे २०२४ च्या सूचनेप्रमाणे राजकीय पक्षांच्या निदर्शनास बनावट मजकूर आणून दिला की त्यांनी तो तीन तासांत काढायचा असतो. ऑक्टोबर २०२५ च्या सूचनेप्रमाणे कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेल्या प्रचारचित्रावर दिसणाऱ्या जागेच्या किमान १० टक्के भागात तसं ठळक लिहायचं असतं. म्हणून विरुद्ध पक्षाच्या स्थानिक अध्यक्षांना वेळ घालून लेखी कळवा आणि प्रत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना द्या. तीन तासांचं घड्याळ तिथून सुरू होतं. आपल्या पोरांनीही हौसेनं नेत्याचा एआय व्हिडिओ केला असेल, तर हाच नियम आपल्यालाही आहे.

यंत्र: कशाची काळजी करायची

मे २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरात विधान परिषदेतले त्या वेळचे विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांच्याकडे एकानं अडीच कोटी रुपये मागितले. चिप बसवून मतदान यंत्रातली मतं फिरवतो, असं तो सांगत होता. दानवे यांनी पोलिसांना कळवलं आणि एक लाख घेताना तो पकडला गेला. असे फोन प्रत्येक निवडणुकीत येतात. कोणी असा फोन केला तर रेकॉर्ड करा आणि पोलिसांत द्या. पैसे बुडतील म्हणून नव्हे, मत फिरवायला पैसे देणं हाच गुन्हा आहे म्हणून.

आपलं यंत्र इंटरनेट, ब्लूटूथ, वायफाय कशालाच जोडलेलं नसतं. जून २०२४ मध्ये मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला आणि गोरेगावच्या मोजणी केंद्रात मोबाइलवरच्या ओटीपीनं यंत्र उघडलं, अशी बातमी पसरली. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी खुलासा केला की यंत्राला ओटीपी लागतच नाही. ओटीपी होता तो आकडे भरण्याच्या संगणक प्रणालीसाठी. मोजणी केंद्रात अनधिकृत माणसानं मोबाइल वापरल्याचा गुन्हा मात्र नोंदला गेला, आणि तो मुद्दा खरा होता. यंत्र वेगळं आणि आकडे चढवण्याची संगणक प्रणाली वेगळी, एवढं प्रत्येक प्रतिनिधीला पाठ असायला हवं.

यंत्राला धोका असतो तो त्याच्यापर्यंत हात पोचण्याचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यात सासवडच्या तहसील कचेरीतून प्रात्यक्षिकाच्या मतदान यंत्राचं कंट्रोल युनिट, म्हणजे मतं साठवणारा भाग, चोरीला गेलं. ते मतदानाचं नव्हतं, तरी त्यासाठी अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. म्हणून कुलूप, सील आणि अनुक्रमांक यांवर डोळा ठेवा. प्रथमस्तरीय तपासणी (यंत्रं नीट चालतात का ते बघणं) आणि सरमिसळ (कोणतं यंत्र कुठे जाणार ते संगणकानं ठरवणं) या दोन्ही वेळांना पक्षाच्या प्रतिनिधींना बोलावतात, तिथे माणूस पाठवाच. कोणत्या केंद्राला कोणत्या क्रमांकाचं यंत्र गेलं ती यादी मिळते, ती जपून ठेवा.

मतदानाचा दिवस

प्रतिनिधीनं मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी केंद्रावर हजर व्हायचं. अभिरूप मतदानात, म्हणजे खऱ्या मतदानाआधीच्या चाचणीत, किमान ५० मतं टाकतात. ती आपणही वेगवेगळ्या बटणांवर टाका, कागदावर टिपा आणि निकालाशी जुळवा. मग केंद्राध्यक्ष क्लोज, रिझल्ट, क्लिअर अशी बटणं दाबतात. त्यानंतर एकूण मतं शून्य दिसतात का, ते डोळ्यांनी बघा. अभिरूप मतदान न पुसता खरं मतदान सुरू झालं, तर संध्याकाळी आकडे जुळत नाहीत आणि त्या केंद्रावरून वाद पेटतो. व्हीव्हीपॅटमधल्या (दिलेल्या मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या) अभिरूप मतदानाच्या चिठ्ठ्या बाहेर काढून काळ्या पाकिटात सील करतात, तेही बघा. राज्यात स्थानिक निवडणुकांत व्हीव्हीपॅट वापरलं जात नाही, तिथे कागदावरची आपली टिपणंच जास्त मोलाची.

संध्याकाळी क्लोज बटण दाबलं की यंत्र पुढे एकही मत घेत नाही. इथे थकलेला प्रतिनिधी घरी निघतो आणि दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम राहून जातं. नमुना १७-सी च्या पहिल्या भागात त्या केंद्रावरचे मतदार, नोंदवहीप्रमाणे मतदान केलेले, यंत्रात नोंदलेली एकूण मतं, यंत्रांचे आणि कागदी सीलचे क्रमांक लिहिलेले असतात. त्याची सही केलेली प्रत हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला देणं केंद्राध्यक्षांवर नियमानं बंधनकारक आहे. ती घेतल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. केंद्राबाहेर आल्यावर तिचा फोटो काढून दोन जणांना पाठवा आणि मूळ कागद फाइलला लावा. स्थानिक निवडणुकीत नमुने आणि नियम राज्य निवडणूक आयोगाचे असतात, त्यांची नावं प्रतिनिधींच्या बैठकीत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना विचारून घ्या.

मतमोजणी

२०१४ च्या मे महिन्यात युक्रेनच्या अध्यक्षीय निवडणुकीत केंद्रीय आयोगाच्या संगणकांवर मतदानाच्या तीन दिवस आधी हल्ला झाला. बॅकअपवरून ते पुन्हा उभे केले गेले. निकालाच्या संध्याकाळी खोटा निकाल दाखवणारं चित्र पसरवण्यात आलं. त्यात द्मित्रो यारोश हे ३७ टक्के मतं घेऊन पुढे होते आणि रशियन दूरचित्रवाणीनं ते दाखवलंही. खऱ्या मोजणीत पेत्रो पोरोशेंको पहिल्याच फेरीत जिंकले होते. मोजलेल्या मतांना कोणी हात लावू शकलं नाही, पण संध्याकाळभर लोकांच्या मनात संशय पेरता आला असता.

आपल्याकडेही संकेतस्थळावरचा आकडा ही फक्त माहिती असते, निकाल कागदावर सही होऊन लागतो. मोजणी प्रतिनिधी मोबाइल आत नेऊ शकत नाही, म्हणून त्याच्या हातात त्याच्या टेबलावर येणाऱ्या केंद्रांच्या १७-सी च्या प्रती द्या. यंत्र टेबलावर आलं की आधी कंट्रोल युनिटचा क्रमांक, मग सील, मग एकूण मतं, सगळं त्या प्रतीशी जुळवायचं. जुळलं नाही तर तिथल्या तिथे लेखी हरकत घ्यायची, फेरी संपल्यावर नाही. लोकसभा-विधानसभेत प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजून ताळा घेतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालाप्रमाणे दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत लेखी मागणी करून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के यंत्रांची तपासणी करून घेता येते. शंका असेल तर टीव्हीवर बोलण्याआधी हा अर्ज द्या.

तक्रार टिकायची तर

पैशांची फसवणूक झाली तर १९३० वर लगेच फोन करा. बाकी सायबर गुन्ह्यांसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल किंवा जिल्ह्याचं सायबर पोलीस ठाणं. आचारसंहितेच्या भंगासाठी सी-व्हिजिल अॅप आहे, तिथे शंभर मिनिटांत कार्यवाहीची सोय आहे. दुसऱ्याची ओळख चोरण्यासाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचं कलम ६६-सी, तोतयेगिरीनं फसवण्यासाठी ६६-डी. तक्रारीत क्लिपची फाइल, लिंक, वेळ आणि ज्याच्या फोनवर आली त्याचं नाव द्या. तो फोन बदलू नका, विकू नका, फॉरमॅट करू नका. कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधून काढलेली तिची अंगठ्याच्या ठशासारखी खूण, लिहावं लागतं. मूळ फाइलच उरली नाही तर त्या प्रमाणपत्रात लिहायला काही राहत नाही.

निकालानंतर

विधानसभा-लोकसभेची निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत करावी लागते. तोवर १७-सी च्या प्रती, फेऱ्यांचे आकडे, तक्रारींच्या पोचपावत्या एका फाइलमध्ये राहू द्या, जिंकलात तरी. स्थानिक निवडणुकीत मुदत याहून कमी असते, वकिलाला निकालाच्या दिवशीच विचारा.

मग आवराआवर. बूथचे ग्रुप बंद करा, एजन्सीचे अधिकार काढा, कार्यालयातल्या भाड्याच्या संगणकांवरून सगळी खाती लॉगआउट करून मगच ते परत करा, मतदारांच्या शीट पुसा, उरलेल्या छापील याद्या फाडून टाका, रद्दीत देऊ नका. दोनशेपानी वही तेवढी ठेवा. आमच्या त्या कार्यकर्त्याच्या घरी ती अजून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे, आणि निवडणूक लागली की ती त्यांच्याकडून मागून आणून त्यातला प्रत्येक नंबर लावून बघणं, हे आता आमचं पहिलं काम असतं.